वेताळ टेकडीवरची झाडीतली सोपी फेरी: पळायला नव्याने लागलेल्यांसाठी

टेकडीवेडा • शनिवार, रात्री ९:४०

डांबरावर पळून कंटाळलेल्या दोन-तीन जणांनी "टेकडीवर कुठून सुरुवात करू?" असं विचारलंय. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढतो.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. आकडे बघून लोक बिचकतात, पण चढ आहे तो सगळा कडेकडेला. एकदा माथ्यावर आलं की पठारच आहे, थोडं वर थोडं खाली. म्हणून नवख्यांनी चढ पळण्याच्या हिशेबात धरूच नये. चतुःशृंगीकडून या, गोखलेनगरातून या, लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून या नाहीतर पाषाणच्या पंचवटीकडून, चढ चालत चढा. तोच तुमचा वॉर्मअप. पौड रोडकडून एआरएआयच्या (गाड्यांवर संशोधन करणारी संस्था) रस्त्याने आलात तर गाडीच वरपर्यंत येते. तिथला दरवाजा ठरावीक वेळातच उघडा असतो, तेवढा फलक वाचून घ्या.

आता फेरी. एआरएआयच्या बाजूने पठारावर आलं की रुंद मातीचा रस्ता जुन्या दगडखाणीकडे जातो. दोघं गप्पा मारत पळू शकतील एवढा रुंद. खाण येईपर्यंत अंग मोकळं होतं. खाण मागे टाकून झाडीतली वाट धरायची आणि वेताळबाबाच्या देवळाकडे निघायचं. इथे वाट वळणं घेत जाते, बहुतेक सगळी सावलीतली, आणि चढ असा की पायांना कळतो, छातीला कळत नाही. देवळाशी थांबा, घोटभर पाणी प्या, आणि परतताना आलेली वाट सोडून तिच्या बाजूची मळलेली वाट घेऊन पुन्हा खाणीशी या. सगळं मिळून चार किलोमीटरच्या आसपास. दम उरला असेल तर खाणीभोवती आणखी थोडं फिरा.

एकच विनंती. घड्याळातला वेग बघू नका. रस्त्यावर साडेसहा मिनिटांत किलोमीटर काढणारा माणूस इथे आठ मिनिटं घेतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. बरोबरच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की चालायला लागा.


गच्चीवरचा_धावपटू • शनिवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. एक शंका: माझं घड्याळ तिथे कायम अंतर कमी दाखवतं. मित्राचं आणि माझं एकाच फेरीत तीनशे मीटरने वेगळं. कुणाचं खरं?


टेकडीवेडा • शनिवार, रात्री १०:२०

दोघांचंही नाही. जीपीएस थोड्या थोड्या वेळाने तुम्ही कुठे आहात ते टिपतं आणि ते ठिपके सरळ रेषेने जोडतं. वाट नागमोडी असली की वळणं कापली जातात, म्हणून अंतर कमी भरतं. वर झाडी असली की ठिपकेच इकडेतिकडे पडतात. टेकडीवर अंतर न मोजता वेळ मोजा. आज चाळीस मिनिटं पळायचं, बस.


कोथरूडची_पोर • शनिवार, रात्री १०:४२

मस्त धागा. मला रस्त्यावरचे शूज चालतील का? ट्रेल शूज घ्यायचे तर घरी आधी "अजून एक जोड?" हा प्रश्न येणार.


अनवाणी_कधीकधी • शनिवार, रात्री ११:००

कोरड्या दिवसांत रस्त्यावरचे शूज झकास चालतात. माती आणि मुरूम आहे, डोंगरकडा नाही. पावसाळ्यात मात्र तळाला नक्षी हवी, तीन-चार मिलिमीटर खोलीची पुरे. आणि एक ऐका, ओल्या बेसाल्टवर शेवाळ धरलं असेल तर कुठलाही शूज धरत नाही, किंमत कितीही असो. तिथे चालायचंच.

शूजपेक्षा मोजे महत्त्वाचे! पाऊस संपला की गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. घरी येऊन अर्धा तास कुसळं वेचत बसायची हौस नसेल तर घोट्याच्या वर येणारे, घट्ट विणीचे मोजे घाला, जाळीदार नकोत. बाभळीचा काटा मऊ तळव्यातून थेट आत येतो तो वेगळाच. कडेला बाभळी दिसल्या की वाटेच्या मधून पळा.


गच्चीवरचा_धावपटू • शनिवार, रात्री ११:०८

तुमचं नाव 'अनवाणी' आणि सल्ला काट्यांचा. (दिवा घ्या, म्हणजे गंमतीतच घ्या.)


अनवाणी_कधीकधी • शनिवार, रात्री ११:१५

म्हणून तर 'कधीकधी'.


निवृत्त_पण_फिरता • रविवार, सकाळी ८:५०

आत्ताच टेकडीवरून आलो, म्हणून ताजं ताजं लिहितो. पळणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण मागून न बोलता दोन बोटांच्या अंतरावरून सूं करून जाता, त्यात आमच्यासारख्यांचा तोल जातो. आज एकजण कानात बोंडं घालून आला, मी "अहो" म्हटलं तर ऐकूच गेलं नाही. टेकडी आमची एकट्याची नाही हे मान्य, पण तुमचीही नाही.

आम्ही येत होतो तेव्हा इथे बोडका माळ होता. ही झाडी नंतर लावलेली आहे. सावली मिळतेय ती कुणाच्या तरी मेहनतीची, एवढं लक्षात ठेवून जरा दमाने जावं.


टेकडीवेडा • रविवार, सकाळी ९:२०

काका, शंभर टक्के मान्य. आमच्या गटात नियम आहे की माणूस दहा पावलांवर असतानाच "काका, उजवीकडून येतोय" म्हणायचं, आणि अरुंद वाटेवर चालणाऱ्याला मागे टाकताना आपणही चालायचं. पाच सेकंदांनी कुणाचं पदक जात नाही. इयरफोन मी टेकडीवर आणतच नाही. गाणं नको असं नाही, पण मागून कुत्रं आलं की सायकल, ते कळायला कान मोकळे लागतात.

उलट तक्रारही नोंदवतो. चार-चार जण हाताला हात लावून सबंध वाट अडवून, सोसायटीच्या मीटिंगचा अजेंडा सोडवत चाललेले असतात, त्यांनाही कुणीतरी सांगा.


निवृत्त_पण_फिरता • रविवार, सकाळी ९:३१

त्यात मीही असतो. सांगतो त्यांना.


रानपाखरू • रविवार, सकाळी १०:१५

पळणाऱ्यांसाठी एक मुद्दा, जो कुणी काढत नाही. मळलेली वाट सोडून 'शॉर्टकट' मारू नका, आणि दोन वाटांच्या मध्ये तिसरी पाडू नका. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. रातवाही जमिनीवरच बसतो, आणि पाचोळ्यात तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हा सगळा विणीचा काळ. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर समजा, तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. आल्या पावली मागे फिरा, फोटो काढत बसू नका.

दुसरं कारण मातीचं. इथे खडकावर मातीचा थर मुळातच पातळ आहे. उतारावर नवी वाट पडली की पहिल्या पावसात तिची घळ होते, मग लोक घळ टाळायला शेजारून चालतात आणि आणखी एक घळ तयार होते.

आणि 'गर्द झाडी' म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती मोठ्या प्रमाणात गिरीपुष्प आहे, म्हणजे उंदीरमारी. मध्य अमेरिकेतलं झाड. झटपट वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या टेकड्यांवर लावलं गेलं. हिवाळ्याच्या शेवटी निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं येतात तेव्हा सगळे फोटो टाकतात. पण त्याच्याखाली दुसरं फारसं काही रुजत नाही. पुढच्या वेळी जरा वेग कमी करून गणेरी शोधा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान एक नसतं आणि टोकाला पिवळीधमक मोठी फुलं. मेडशिंगी, मोई, पळस, हिवर हे या टेकडीचे खरे रहिवासी.


गच्चीवरचा_धावपटू • रविवार, सकाळी १०:४०

म्हणजे मग उंदीरमारी तोडून टाकायची का? सावली तीच देते आहे.


रानपाखरू • रविवार, सकाळी ११:०२

एका फटक्यात तोडा असं कोण म्हणतंय? मधून मधून विरळ करून देशी रोपं वाढवायची, हा वर्षानुवर्षांचा उद्योग आहे. उन्हाळ्यात लोक खांद्यावर कॅन घेऊन रोपांना पाणी घालायला चढतात, बघितलं असेल. पळणाऱ्यांनी एकेक बाटली जास्तीची आणली तरी काम होईल. वजन घेऊन चढ चढला म्हणून व्यायामही होईल, तुम्हाला आवडतं ते.


घोटा_मुरगळतो • रविवार, दुपारी १:३०

नावातच सगळं आलं. डाव्या घोट्याचा लिगामेंट कॉलेजात असताना गेला होता, तेव्हापासून जरा खडबडीत दिसलं की पाय वाकडा पडतो. डॉक्टर सपाटीवर पळ म्हणतात, मन टेकडीवर. काय करावं?


फिजिओताई • रविवार, दुपारी २:१०

तुमचा पाय न बघता ठाम काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण सर्वसाधारण सांगते. एकदा लिगामेंट ताणला गेला की घोट्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव उशिरा होते. पाय कलंडतोय हे मेंदूला कळून स्नायू आवळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ही जाणीव सरावाने परत येते. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा. आठवड्याभराने तेच डोळे मिटून, भिंतीजवळ. मग उशीवर उभं राहून. पायऱ्यांवर टाचा वरखाली करणं रोज. हे दोन-तीन महिने टिकलं तरच टेकडीवर जा, आणि पहिले काही आठवडे फक्त खाणीपर्यंतचा रुंद रस्ता. झाडीतल्या वाटेवर मुळं आणि सुटे दगड असतात, तिथे चाला.

पळताना पावलं लहान ठेवा, नजर पायाशी नको, चार-पाच पावलं पुढे ठेवा. उतारावर लांब ढांगा टाकून टाचेवर ब्रेक मारत येणं सगळ्यांत वाईट. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच काम करतो, म्हणून चढाने दुखत नाही तितकं उताराने दुखतं, आणि तेही लगेच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होतं. ते साधारण आहे. एकाच जागी टोचणारी, सूज असलेली दुखी साधारण नाही.


घोटा_मुरगळतो • रविवार, दुपारी २:२५

ताई, धन्यवाद. आजपासून दात घासायला जास्त वेळ.


सई_सकाळची • रविवार, संध्याकाळी ६:४५

मुलींसाठी कुणी लिहिलंच नाही, म्हणून विचारते. एकटीने पळायला टेकडी कशी आहे? उजाडताना जायचं ठरवलंय.


कोथरूडची_पोर • रविवार, संध्याकाळी ७:२०

मी जाते एकटी. पण पूर्ण उजाडल्यावर. आणि 'उजाडणं' महिन्याप्रमाणे बदलतं हे विसरू नकोस. जूनमध्ये सहाला सूर्य वर असतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर उगवतो. थंडीत साडेपाचला निघालीस तर वर तासभर काळोखच. सकाळी देवळाच्या आणि खाणीच्या बाजूला रोजची फिरणारी मंडळी भरपूर असतात, चार दिवसांत तोंडओळख होते, न दिसल्यास विचारतातसुद्धा. दुपारी आणि दिवेलागणीला आतल्या वाटा सुनसान असतात, तिथे एकटी जात नाही. लुटालुटीच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. अंगावर सोनं नको, घरी लोकेशन चालू, आणि ११२ हा नंबर फोनवर पटकन लागेल असा. हे सगळं मुलींनीच का करायचं हा प्रश्न वेगळा आणि तोही खराच. पण त्यासाठी पळणं सोडणार नाही.


टेकडीवेडा • रविवार, संध्याकाळी ७:३५

पूर्ण अनुमोदन. कुत्र्यांचं जोडतो. दरवाज्यांपाशी लोक बिस्किटं घालतात, त्यामुळे टोळ्या तिथेच जमतात. मागे लागलं तर पळू नका, थांबा, तोंड त्याच्याकडे करून हळूहळू चालत जा. पळणाऱ्या पिंढऱ्या बघूनच त्याला चेव येतो.

खाणीत उतरू नका, पोहायला तर मुळीच नाही. कडा सरळ आहेत, पाणी खोल आहे, आणि तिथे माणसं बुडालेली आहेत.


थेम्सकाठचा_पुणेकर • रविवार, रात्री ८:५०

लंडनहून नमस्कार. पार्करन नावाचा प्रकार २००४ मध्ये इथल्या बुशी पार्कात सुरू झाला. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, फुकट, आयोजक सगळे स्वयंसेवक. शेजारच्या रिचमंड पार्कात हरणं मोकळी फिरतात, त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहायचं अशी पाटी. वाटा चोपून चोपून सपाट केलेल्या, दिशादर्शक खुणा. सगळं छान आहे. पण पळून झाल्यावर कुणी "काय, आज उशीर?" असं विचारत नाही हो. टेकडीवर असे ठरावीक दिवशी, सगळ्यांसाठी खुले असे पळण्याचे गट आहेत का? डिसेंबरात येतोय.


नागपुरी_संत्रं • रविवार, रात्री ९:१०

आमच्या सेमिनरी हिल्सलाही या राजेहो. टेकडी लहान, झाडी भरपूर. फक्त मे महिन्यात येऊ नका, सकाळी सातलाच पोळायला लागतं. पुण्याच्या उन्हाला ऊन म्हणता तुम्ही लोक, आम्हाला हसू येते.


टेकडीवेडा • रविवार, रात्री ९:२५

थेम्सकाठचे, गट आहेत, पण शंभर जणांचा जमाव झाडीतल्या वाटेवर सोडावा या मताचा मी नाही. बुशी पार्कातल्या वाटा ते सोसतात, इथल्या नाही. पाच-सहा जण पुरे. तुम्ही या, आपण जाऊ. "उशीर?" मी विचारीन.


पौडफाट्यावरून • सोमवार, सकाळी ७:१५

तुम्ही वाटा जपा म्हणताय आणि तिकडे बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायच्या गोष्टी वर्षानुवर्षं चालल्यात. बोगद्यांचे प्रस्ताव निराळे. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते, मीही होतो. रोज पौड फाट्याच्या कोंडीत अडकणारा माणूस म्हणून सांगतो, कोंडी मलाही नको. पण टेकडी फोडून ती सुटेल यावर विश्वास नाही.


कर्वे_रोडवर_अडकलेला • सोमवार, सकाळी ७:५०

विश्वास नाही म्हणजे काय? अॅम्ब्युलन्स अडकते तेव्हा तुमची गणेरी रस्ता देते का? टेकडीवर सकाळी तासभर पळणाऱ्यांनी दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांचं ठरवायचं?


रानपाखरू • सोमवार, सकाळी ८:०५

टेकडी फक्त पळणाऱ्यांची नाही, हेच तर कालपासून लिहितेय. पावसाचं पाणी या उतारांवर मुरतं, खालच्या वस्त्यांच्या विहिरी-बोअरवेलला त्यातलंच मिळतं. झाडी-माती गेली की तेच पाणी लोंढ्याने खाली येणार, तुमच्याच रस्त्यावर.


संपादक मंडळ • सोमवार, सकाळी ८:३०

रस्त्याबद्दल स्वतंत्र धागा जरूर काढावा. इथे पळण्याबद्दल बोलू या.


कर्वे_रोडवर_अडकलेला • सोमवार, सकाळी ८:३४

बरं. मग हे सांगा, वजन ९४ किलो, वय ४७, शेवटचं पळालो ते बस पकडायला. मला जमेल का ही 'सोपी' फेरी?


टेकडीवेडा • सोमवार, सकाळी ९:१०

जमेल, पण आधी नुसती चालून. रक्तदाब-साखर तपासून घ्या, दोन आठवडे अख्खी फेरी चाला. ती न थांबता, न धापता झाली की खाणीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. चढावर चालायचं म्हणजे चालायचंच, मीही चालतो. आणि आठवड्यातून तीनदा पुरे. दम महिनाभरात वाढतो, हाडं-कंडरा सावकाश तयार होतात, त्यामुळे "आता जमतंय" वाटायला लागतं नेमकी तेव्हाच दुखापत होते.

मातीवर गुडघ्यांना काँक्रीटपेक्षा बरं वाटतं असं बहुतेकांचं म्हणणं, माझंही. पण मऊ जमीन म्हणून वजनाचा भार नाहीसा होत नाही. सावकाशच.


कर्वे_रोडवर_अडकलेला • सोमवार, सकाळी ९:२२

ठीक. रविवारी येतो. कुठे भेटायचं?


टेकडीवेडा • सोमवार, सकाळी ९:४०

एआरएआयच्या दरवाज्याशी, साडेसहा. सई, घोटा, येणार असाल तर इथेच लिहा. सध्या झाडीत सकाळी सकाळी वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी असतात, पहिल्या माणसाच्या तोंडावर येतात. पुढे पळणाऱ्याने हातात काडी धरायची आणि जाळं दिसलं तर मोडण्याऐवजी खालून वाकून जायचं. पाणी प्रत्येकाने आपापलं, रानपाखरूने सांगितलेली रोपांची बाटली वेगळी.


सई_सकाळची • सोमवार, सकाळी १०:०५

मी येते. मैत्रीणही आहे.


निवृत्त_पण_फिरता • सोमवार, सकाळी १०:३०

मी देवळापाशी असेन. चार जणांच्या ओळीत नाही, एकामागे एक चालत असेन, बघाच.


अनवाणी_कधीकधी • सोमवार, सकाळी १०:४५

खाली उतरल्यावर पोहे कुठे? कोथरूडात की पाषाणला?


कोथरूडची_पोर • सोमवार, सकाळी १०:४७

हा काय प्रश्न आहे? कोथरूड.


पौडफाट्यावरून • सोमवार, सकाळी १०:५२

पार्किंग मिळालं तर.